राघोआबांचं सुतक

आमच्या भावकीच्या ग्रुपवर सणाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत शुभेच्छा दिल्या नाहीत, तर माणसाचं काहीतरी बरंवाईट झालं असं धरतात. हा विनोद नाही, नियम आहे. कल्याणचे आमचे एक चुलते न्हाणीत पाय घसरून पडले आणि दीड दिवस तसेच पडून राहिले. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. त्यांच्याकडून नारळाचं चित्र आलेलं नाही हे कुणाच्या लक्षात आलं असतं, तर ते बारा तास आधी सापडले असते, असा शोध परशुरामदादाने लावला. परशुरामदादा माझा थोरला चुलतभाऊ, ठाण्याजवळ दिव्याला राहतो, ग्रुपचा ॲडमिन. तेव्हापासून त्याने हजेरी सुरू केली. सण असो, एकादशी असो, संकष्टी असो, नऊच्या आत प्रत्येकाने काहीतरी मंगल टाकायचं. नऊ वाजून पाच मिनिटांनी ज्याचं आलेलं नाही त्याला फोन. त्याने उचलला नाही तर शेजाऱ्याला फोन. ते चुलते आता ठणठणीत आहेत. पहाटे पाचला दोन हत्ती आणि एक कलश पाठवून मोकळे होतात.

व्यवस्था चांगली आहे. अडचण एवढीच की तिच्यात नुसतं जिवंत असून भागत नाही, आनंदात असावं लागतं. नागपंचमीला मी 'ठीक आहे' एवढंच लिहिलं, तर नऊ वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन.

"काय झालं रे गुणाजी?"

"काही नाही. ठीक आहे."

"ते वाचलं मी. ठीकच का पण? बाकी सगळे मंगलमय आहेत."

"मीही आहे तसा."

"मग तसं टाक ना. फुलं टाक. बायका विचारतायत."

मी फुलं टाकली. कुठली ते बघितलंही नाही. नंतर कळलं, ती कुणाच्या तरी साखरपुड्याची होती.

वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. माल पास की नापास, एवढंच सांगायचं. पंपाला आनंद झालाय का, हे कधी बघावं लागलं नाही. निवृत्त झालो आणि डोंबिवली पूर्वेच्या दोन खोल्यांत मी आणि मालन सुखाने भांडत होतो. गेल्या वर्षीच्या आषाढात मालन गेली.

ती गेली आणि घरात वर्षभर सण नव्हता. आमच्यात पाळतात तसं. गोडधोड नाही, तोरण नाही, शुभेच्छा द्यायच्या नाहीत की घ्यायच्या नाहीत. दादाने हजेरीतून माझं नाव काढलं आणि नावापुढे 'वर्ष पाळतात' असं लिहिलं. ते वर्ष वाईट होतं, पण त्या वर्षात मला कुणी आनंदी हो म्हणालं नाही. दिवाळीत मी दार लावून उकडलेले शेंगदाणे खाल्ले. माणसाने दुःखी असावं याला धर्माची परवानगी होती, कागदपत्रं पूर्ण होती. मग वर्षश्राद्ध झालं आणि परवानगी संपली. आठवड्याभरात श्रावण लागला.

श्रावणात किती दिवस सणाचे असतात हे मोजून बघा. त्यापेक्षा कुठले नसतात ते मोजलेलं सोपं.

त्यात आमची सून. संचिता स्वभावाने चांगली, हे आधी सांगतो, कारण पुढे तसं वाटणार नाही. मुलगा ऋतुराज आणि ती घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतात. तिचं काम कुठल्याशा कंपनीत, कर्मचाऱ्यांची मनं सांभाळण्याचं. माणसं मोबाईलवर काय लिहितात त्यावरून ती कशी आहेत हे काढण्याचं त्यांच्याकडे एक यंत्र आहे म्हणे. एका रविवारी तिने मला आलेख दाखवला. सणाच्या दिवशी रेघ डोंगरासारखी वर जाते, लोक जास्त लिहितात, गोड लिहितात, झोपही बरी लागते.

"आणि ही खालची?" मी विचारलं. तळाला एक सपाट रेघ होती.

"ती तुमची, बाबा. मी आपल्या फॅमिली ग्रुपवरून काढली. रागावू नका."

"सरळ आहे की. आमच्याकडे सरळ रेघ पास करायचे."

"बाबा, डॉक्टरकडे सरळ रेघ वेगळी असते."

हसली नाही ती. मलाच हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, "गौरीला तरी याल ना रंगात? ओवसा आहे माझा."

ओवसा म्हणजे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या कोकणात नव्या सुनेने गौरीपुढे सुपं भरून ओवाळायची. पहिला ओवसा मात्र गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. तिच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी पूर्वा नव्हती. मालन म्हणाली, "पुढच्या वर्षी, मी तुझी पाचही सुपं स्वतः भरीन." पुढच्या वर्षी पूर्वा होती, मालन नव्हती आणि घरात सण नव्हता. यंदा पूर्वा होती, पुढच्या वर्षी पुन्हा नाही. मालनच्या गुडघ्यांमुळे आमचा गणपती आणि गौर बारा वर्षांपूर्वीच गावाहून डोंबिवलीला आली, त्यामुळे ओवसा माझ्याच घरी व्हायचा होता. संचिताने हळदीच्या पानांसाठी बाल्कनीत जूनपासून कुंड्या लावल्या होत्या. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

त्याचं असं झालं. भावकीच्या ग्रुपशिवाय आमच्या इमारतीचाही एक ग्रुप आहे. पिठोरी अमावास्येला, गणपतीला पाच दिवस राहिले असताना, सकाळी सहा वाजता सेक्रेटरींनी नाचणारा बैल पाठवला आणि खाली लिहिलं, 'प्रत्येकाने एक बैल टाकावा.' सातपर्यंत एकवीस बैल जमले. मी दार उघडून समोरच्या कुंडलिकच्या घरात गेलो. कुंडलिक आणि मी एकाच कारखान्यात होतो, तो फाउंड्रीत. तोही मोबाईल धरून बसला होता.

"तुझ्याकडे पण बैल?" मी विचारलं.

"आमच्यात बैल नाही. आमच्या ग्रुपवर सकाळी सुविचार असतो. खाली जयभीम टाकायचा. मी टाकला नाही तर महेंद्रचा नागपूरहून फोन येतो, पप्पा बीपी वाढलं का."

"मग तू काय करतोस?"

"टाकतो. नातीने दहा-दहा एकदम टाकायला शिकवलंय."

"मला नको वाटतं रे. लिहायला गेलं की खोटं लिहिल्यासारखं वाटतं."

"वर्ष होतं तेव्हा बरा होतास तू," कुंडलिक म्हणाला. "तुमच्यात एक सोय आहे. आम्ही सुतक पाळत नाही, त्यामुळे मला तर निमित्तही नाही."

हे तो सहज बोलला. पण कारखान्यात मी शिकलेली एक गोष्ट म्हणजे, नवीन काही करायचं तर आधी छोट्या लॉटवर करून बघावं. भावकीत सुतक सांगणं शक्यच नव्हतं, तिथे मयताचं नाव लागतं. इमारतीत कोण विचारतंय? घरी आलो आणि एकवीस बैलांच्या खाली लिहिलं: 'आमच्या गावाकडे भावकीत एक दुःखद घटना घडली आहे. सुतक असल्याने कृपया शुभेच्छांची अपेक्षा करू नये.'

लगेच बैल थांबले. मी चहा ठेवला. वर्षभरानंतर तो चहा चवीला लागला.

मी एक विसरलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या सगुणाताई. आडनावाने पवार, नवरा साताऱ्याचा, पण माहेरच्या आमच्यासारख्याच भुवड. आमच्याच गावच्या, आमच्याच वाडीच्या. माहेरवाशीण म्हणून दादाने त्यांना भावकीच्या ग्रुपात घेतलं होतं. माझा मजकूर त्यांनी वाचला, डोळ्याला पदर लावला आणि तो तसाच तिकडे पाठवून दिला. खाली लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

पुढच्या अकरा मिनिटांत त्रेचाळीस जणांनी श्रद्धांजली वाहिली. कुणाला, हे एकानेही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच उशिरा कळलंय आणि आता विचारणं बरं दिसणार नाही. बाराव्या मिनिटाला ठाण्याच्या एका पुतण्याने विचारलं, 'नक्की कोण गेलं?' त्यावर कुणीतरी लिहिलं, 'राघोआबा असतील. आजारी होते ना.' तिसऱ्या माणसाने 'असतील' गाळलं. चौथ्याने फोटो टाकला. ऋतुराजच्या लग्नातला, हातात आईस्क्रीमचा कप घेतलेले राघोआबा, भोवती समई आणि दोन हंस.

राघोआबा आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले, वय अठ्ठ्याऐंशी, गावीच असतात. वाडीवर रेंज पावसाळ्यात चार-चार दिवस नसते, त्यामुळे तिकडून कुणी 'जिवंत आहेत' म्हणायची सोय नव्हती. आणि राघोआबा म्हणजे जवळची भावकी. दादाने दहा वाजता निर्णय दिला: दहा दिवसांचं सुतक. सत्तावीस घरं. यंदा गणपती आणायचे नाहीत, मूर्ती कारखान्यातच राहू द्याव्यात, गौरीही नाहीत. सर्वांनी धीर धरावा.

मी मोबाईल हातात धरून बसलो होतो. प्रत्येक मिनिटाला वाटत होतं, आता लिहावं. आणि प्रत्येक मिनिटाला आणखी दोन श्रद्धांजल्या पडत होत्या, त्यांच्या खाली 'माफ करा' लिहायचं धाडस होत नव्हतं. खोटं एकाला सांगितलं असतं तर एकाजवळ मागे घेतलं असतं. हे मी भावकीला सांगितलंच नव्हतं. ते त्यांचं त्यांनीच तयार केलं होतं, मी फक्त कच्चा माल पुरवला होता.

दुपारी संचिताचा फोन आला.

"बाबा, आबांचं कळलं. तुम्ही बरे आहात ना?"

"हो."

"जेवलात?"

"हो."

मागे ऋतुराजचा आवाज आला, राहू दे गं आता.

"बाबा, एक विचारू का? विचारणं बरं नाही, माणूस गेलंय. पण ओवसा... सुतक फिटल्यावर करता येतो का? एक दिवसाने वगैरे?"

"गौर गेली की नाही करता येत."

"हो. वाटलंच मला." आणि मग तिने तिच्या कामाच्या गोड आवाजात सांगितलं, "काही नाही, बाबा. अजून दोन-तीन वर्षांनी येईलच पूर्वा. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

लोकांची मनं सांभाळणाऱ्या माणसाचं मन दुखलं की ते असं बोलतं, हे मला तेव्हा कळलं. आलेखात येत नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावकीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. चौदा ओळी. राघोआबा जिवंत आहेत. निदान मेल्याचं मला माहीत नाही. मी इमारतीच्या ग्रुपवर खोटं सुतक सांगितलं, कारण मला बैल टाकायचा नव्हता. कुणाचा गणपती थांबवू नका. माझी चूक आहे, गुणाजी.

पाठवलं आणि वाट बघितली. पहिलं उत्तर आलं: 'भावपूर्ण श्रद्धांजली.' दुसरं: 'आबांच्या आठवणी छान लिहिल्यात काका.' तिसरे होते कल्याणचे चुलते. त्यांनी सवयीने दोन हत्ती टाकले, आणि मग काढून घेतले.

चौदा ओळी कुणी वाचत नाही. दादाला फोन लावला तर तो एंगेज. सांत्वनं चालू होती. म्हणून मी चपला घातल्या. कुंडलिक दारातच उभा होता.

"दिव्याला निघालास? मी येतो."

"तू कशाला?"

"सोय मी सुचवली. शिवाय मारहाण झाली तर साक्षीदार लागेल."

दिव्याला दादाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये पाण्याचे हंडे ओळीने लावलेले होते. टँकर यायचा होता. दादा दाढी न करता, पांढरी टोपी घालून मोबाईलसमोर बसला होता. त्याची बायको मंजुळावहिनी कोपऱ्यात मखराच्या थर्माकोलवर जुनी चादर घालत होती.

"ये गुणाजी. वाईट झालं," दादा म्हणाला.

"दादा, झालेलं नाही. आबा गेलेले नाहीत."

"मान्य होत नाही ते पहिले काही दिवस. मालनच्या वेळेला पण तू असंच करायचास."

"तसं नाही रे. मी खोटं बोललो. इमारतीच्या ग्रुपवर. मला शुभेच्छा द्यायच्या नव्हत्या म्हणून."

दादाने माझ्याकडे बघितलं, मग कुंडलिककडे. कुंडलिकने मान हलवली.

"शुभेच्छा द्यायच्या नव्हत्या," दादा सावकाश म्हणाला, "म्हणून तू माणूस मारलास?"

"मी नाव नाही घेतलं. नाव तुम्ही लावलंत."

"म्हणजे आता भावकीची चूक?"

मंजुळावहिनींनी चादर परत ओढून काढली. "भावोजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला नको होतं तर सांगायचं होतं ना, नको म्हणून."

"सांगितलं होतं, वहिनी. ठीक आहे म्हणालो, तर फुलं टाक म्हणाले."

यावर दादा काहीतरी बोलणार होता, पण फोन वाजला. गावाहून. रेंज आली होती, आणि रेंजबरोबर साठ-सत्तर श्रद्धांजल्या वाडीवर पोचल्या होत्या. दादाने स्पीकर लावला. राघोआबाच होते.

"परशा," आबा म्हणाले, "मी मेलो तं मला आदी सांगायचं व्हतं. मी नाचणी भरडीत बसलोय हितं."

"आबा, गैरसमज झाला. हा गुणाजी—"

"वाचलं. नातवानं समदं वाचून दावलं. गुणाजीचं पन वाचलं, चौदा वळी. येवडं कुनी लिव्हतं व्हय?" आबांना खोकला आला. "गुणाजी हाय का तितं?"

"आहे, आबा," मी म्हणालो.

"फोटू बरा लावलाय माजा. आयस्क्रीमचा. आता ऐक. गनपती समद्यांनी आना. गौर आना. तुज्या सुनंचा ववसा हाय ना, त्यो झालाच पायजे. सुतक कुनाला न्हाय. तुला मातर हाय."

"मला एकट्याला?"

"तूच सांगितलंस ना, सुतक हाय? मंग पाळ. धा दिस. काल धरून मोज. देवाला शिवायचं न्हाय, पूजेत बसायचं न्हाय, कुनाला सुभेच्छा द्यायच्या न्हाईत. तुला तेच पायजे व्हतं."

दादाने चष्मा वर केला. "आबा, एकट्याला सुतक, असं शास्त्रात आहे का?"

"खोटं मरान शास्त्रात हाय का?" आबांनी विचारलं, आणि रेंज गेली.

असा मी सुटलो. दादाने हजेरीत माझ्या नावापुढे 'सुतक (वैयक्तिक)' असं लिहिलं. माझ्या घरात मी असल्यामुळे गणपती आणि गौर घोडबंदरला, तेविसाव्या मजल्यावर गेली. सकाळी मला कुणाचा फोन येत नव्हता. बैल नव्हते, फुलं नव्हती. मागून घेतल्यासारखी शांतता होती आणि मी तिच्यात आठवडाभर खोलीतून खोलीत फिरत होतो. दोनच खोल्या आहेत, लवकर संपतात.

गौरी पूजनाच्या दिवशी संचिताने फोन केला. ती रागावली असेल असं धरून मी तयारीत होतो.

"बाबा, या तुम्ही. आत नाही बसायचं तर बाहेर लॉबीत खुर्ची ठेवते. दार उघडं ठेवीन."

"आबांनी सांगितलंय—"

"आबांनी लॉबीबद्दल काही सांगितलेलं नाही. मी विचारून घेतलं."

तेविसाव्या मजल्याची लॉबी म्हणजे दोन लिफ्ट, चार बंद दारं आणि एक लाल अग्निशामक नळकांडं. खिडकी नाही. नळकांड्याशेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एक माझी, दुसरी कुंडलिकची. त्याला आत बोलावलं होतं, पण तो पूजेत बसत नाही, आणि मला बसता येत नव्हतं. "चल, जागा एकच निघाली आपली," असं म्हणून तो माझ्याबरोबर आला. दर पाच मिनिटांनी लिफ्ट उघडायची आणि नटलेली माणसं म्हणायची, हॅपी गणपती, अंकल. मी हात जोडायचो पण तोंडाने काही बोलायचो नाही. एक बाई घाबरून ऋतुराजला सांगायला गेली, बाहेर एक आजोबा आहेत, त्यांना बोलता येत नाही वाटतं.

दाराच्या चौकटीतून मला गौरीचा उजवा खांदा दिसत होता आणि संचिता दिसत होती. हिरवी नऊवारी, ती तिला पायात येत होती. मंजुळावहिनी एकेक सूप तिच्या हातात देत होत्या. सुपात काकडी, करंज्या, खण, वर तिच्या बाल्कनीतली हळदीची पानं. ती सूप धरून गौरीपुढे हलवायची, ओठ हलायचे, मग ते घरातल्या थोरांपुढे न्यायची. थोराने त्यात काहीतरी ठेवायचं असतं. पहिलं दादापुढे गेलं. दुसरं, तिसरं. चौथं.

पाचवं घेऊन ती उभी राहिली. ते सासू-सासऱ्यांचं. मंजुळावहिनी तिच्या कानात काही बोलल्या, बहुधा, गौरीपुढेच ठेव. ती वळली आणि सूप घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

"बाबा, बघा फक्त. हात लावू नका," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठलो. तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने पसरलं होतं. सूप जड होतं, तरी तिने ते तसंच धरून ठेवलं. मला त्यात काहीतरी ठेवायचं होतं. मालनची गळ्यातली माळ मी खिशात आणली होती, सुतकात देता येणार नाही हे माहीत असूनही आणली होती. हात खिशातच राहिला.

"आईंनी म्हटलं होतं, स्वतः भरीन," संचिता म्हणाली. "मी भरलं. बरोबर भरलंय ना?"

मला बोलता येत होतं. शुभेच्छा द्यायच्या नाहीत, एवढंच होतं. पण जे जे तोंडात येत होतं ते सगळं शुभेच्छाच होत होतं. मी मान हलवली. माल पास करताना हलवायचो तशी.

ती आत गेली. दार उघडंच राहिलं.

खुर्चीवर बसून मी मोबाईल काढला. ऋतुराजने भावकीच्या ग्रुपवर ओवशाचा फोटो टाकला होता आणि खाली फुलं, हत्ती, हात यांची रांग लागली होती. मी लिहायला लागलो. लिहिताना कळलं की तेरा महिन्यांत पहिल्यांदा मला हात आखडल्यासारखं वाटत नाही. मालनबद्दल लिहिलं, कुंड्यांबद्दल लिहिलं, उंबऱ्यावर सूप धरून ठेवलेल्या हातांबद्दल लिहिलं. एकवीस ओळी झाल्या. एकही खोटी नव्हती.

कुंडलिकने मान वाकडी करून सगळं वाचलं.

"पाठव की," तो म्हणाला.

"सुतक आहे."

"खोटं आहे ना पण ते?"

"आबांनी दिल्यावर खरं झालं."

"किती दिवस राहिले?"

"उद्याचा एक. पण उद्या गौर जाईल."

त्याने खिशातून आपला मोबाईल काढला. "मी माझ्या ग्रुपवर टाकू का?" त्याने विचारलं. "तिथे तुझी सून कुणाला माहीत नाही, पण वाचतील. महेंद्र तर नक्की वाचेल. दहा-दहा जयभीमनंतर बापाने काय लिहिलंय म्हणून."

लिफ्ट उघडली. हातात मोदकांचा डबा घेतलेली एक मुलगी बाहेर आली, आम्हाला बघून हसली आणि म्हणाली, "हॅपी गौरी, काका. तुम्ही असे बाहेर का?"

कुंडलिक माझ्याकडे बघत होता, मी दाराकडे. आत आरती सुरू झाली होती आणि संचिताचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता. मोबाईलवर पाठवायचं बटण हिरवं दिसत होतं, आणि अंगठा त्याच्यापासून बोटभर अंतरावर तसाच धरून मी बसलो होतो.